तीन वयांची मुलं, एकच स्वयंपाकघर: होमस्कूलिंगच्या घराची घडी बसवताना

चार वर्षांची धाकटी, आठ वर्षांचा मधला आणि तेरा वर्षांची मोठी. तिघंही घरीच शिकणार असं ठरलं की पहिल्या महिन्यात बहुतेक घरांत तीन शाळा भरतात. तीन वेळापत्रकं, तीन रंगांचे तक्ते, आणि मास्तर मात्र एकच, तीही एका कानाने कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. हा थाट दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. घरात पुस्तकांची वानवा नसते. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ‘किशोर’चे जुने अंकही मिळतात. वानवा असते ती मोठ्या माणसाच्या मोकळ्या लक्षाची, आणि वेळापत्रक आखायचं ते तेवढ्याचंच.

आधी आठवडाभर मोजा

फ्रिजवर एक कागद लावा. सकाळी ७ ते रात्री ९, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन पाडा. पाणी भरणं, डबा, कामवाल्या मावशी येण्याची वेळ, ऑफिसचा कॉल, अशा चौकोनांवर फुली. ज्या अर्ध्या तासात घरातलं कोणीतरी मोठं माणूस हातात दुसरं काम न घेता बसू शकतं, तिथे गोल. आठवडा संपला की किमान चार दिवस आलेले गोल तेवढे खरे धरा, बाकीचे नशिबाचे. एक पालक घरी असेल तर सहसा दोन-अडीच तास निघतात. दोघंही नोकरी करत असतील तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक तास.

आकडा बघून धसका बसतो, पण तो पुरतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळांना वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. त्यात हजेरी, रांगा, तीस-पस्तीस वह्या तपासणं सगळं आलं. एकाच मुलाशेजारी बसून घेतलेली वीस मिनिटं आणि वर्गातला एक तास यांची तुलना होत नाही.

पाळ्या लावा, आणि धाकटीची पाळी आधी

शेजारी बसून शिकवावं लागतं ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी: गणित, आणि लहानांचं वाचन-लेखन. पाळ्या फक्त त्यांच्या लावा. सकाळ साधारण अशी बसते:

९:०० ते ९:२० धाकटी
९:२० ते १०:०० मधला (आधी वाचन-लेखन, मग गणित)
१०:०० ते १०:३० मोठी, गणिताचा नवा भाग
१०:३० ते ११:०० खाणं, उड्या, अंगण
११:०० ते ११:४५ तिघांचा एकत्र विषय
त्यानंतर स्वयंपाकघर

मोठीचा अभ्यास महत्त्वाचा म्हणून तिच्यापासून सुरुवात करायचा मोह होतो. तसं केलं की धाकटी दर तीन मिनिटांनी ओढणी ओढते, आणि मोठीचं गणित अर्धवट राहतं. धाकटीला आधी वीस मिनिटं पूर्ण द्या, म्हणजे मांडीवर घेऊन गोष्ट, दोन बडबडगीतं, दहापर्यंत मोजणं. या वेळात फोन दुसऱ्या खोलीत हवा. पोट भरलेलं मूल जसं खेळायला पळतं, तसंच लक्ष मिळालेलंही पळतं.

ती पळाली की तिच्या हातात काहीतरी हवं. चार पिशव्या करा आणि रोज एकच उघडा: कपड्यांचे चिमटे आणि डब्याची कड, दोन तांबे आणि परातीत पाणी, रंगीत कागद आणि बोथट कात्री, राजमा-चवळी-वाटाणे वेगळे करायचं ताट. कडधान्यांची पिशवी मात्र मोठ्यांच्या नजरेसमोरच, आणि तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर नकोच. दाणा नाकात किंवा घशात जायला क्षण लागत नाही. चारही पिशव्या एकदम बाहेर काढल्या की तिसऱ्या दिवशी सगळ्या शिळ्या होतात.

आपली पाळी नसताना इतरांनी काय करायचं, इथे गाडी सर्वांत जास्त अडकते. चूक एकच असते: ‘तोवर तू पुढचा धडा वाच.’ एकट्याने करायच्या कामात नवं काही नको. काल शिकवलेल्या गणिताची आणखी उदाहरणं, शुद्धलेखन, पाढे, नकाशा भरणं, असं ज्यातलं बहुतेक हाताला बसलेलं आहे तेच द्या. नवा भाग फक्त पाळीत.

तरीही अडतंच. त्यासाठी टेबलावर स्टीलची एक वाटी ठेवा. वाटी पालथी असेल तर कोणाची तरी पाळी चालू आहे, मध्ये बोलायचं नाही. सुलटी असेल तर विचारा. अडलेल्या उदाहरणासमोर पेन्सिलने फुली, मागचं सोडवलेलं उदाहरण एकदा बघायचं, तरी जमलं नाही तर पुढचं घ्यायचं. रक्त, धूर आणि शू या तीन गोष्टींना वाटीचा नियम नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. पहिल्या आठवड्यात दहादा मोडेल. प्रत्येक वेळी उत्तर न देता फक्त वाटीकडे बोट दाखवा. एकदा जरी ‘बरं, सांग पटकन’ म्हणालात की वाटी ही नुसती वाटी उरते.

एक विषय, तीन खोल्या

विज्ञान, भूगोल, इतिहास, चित्रकला हे तिघांना वेगवेगळं शिकवत बसू नका. एकच विषय साधारण तीन आठवडे घ्या आणि त्याची खोली वयाप्रमाणे बदला. जून-जुलैत पावसाइतका सोयीचा विषय दुसरा नाही, तोही घरच्या पर्जन्यमापकासकट.

सरळ बाजूंची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. कमरेत बारीक झालेली नको. वरचं तोंड आणि पोट यांचा व्यास वेगळा असला की मिलिमीटरचं माप खोटं पडतं. मान जिथे निमुळती व्हायला लागते तिथून वरचा भाग कापा, आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून त्यात मूठभर खडे टाका आणि ते बुडून पोटाचा सरळ भाग लागेपर्यंत पाणी ओता. पाण्याच्या त्या रेषेवर पट्टीचं शून्य आणून पट्टी बाहेरून चिकटवा. गच्चीत किंवा अंगणात, भिंत आणि झाडापासून दूर, चार विटांच्या मध्ये ठेवा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात आडवी होईल. वाचन रोज सकाळी साडेआठला. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठ असाच मोजतं, त्यामुळे आपला आकडा पेपरातल्या आकड्याशेजारी ठेवता येतो. वाचून झालं की पाणी शून्यापर्यंत काढून टाका. उघडीप असेल तर खालचं पाणी वाळून शून्याखाली जातं, तेव्हा तेवढं भरा. हे विसरलं की पुढचं वाचन कमी येतं, आणि का कमी आलं ते शोधणं हाही धडाच.

धाकटी पाणी ओतते, आणि जितके मिलिमीटर तितकी घरं कागदावर निळी रंगवते. मधला आकडा लिहितो, स्तंभालेख काढतो, रविवारी आठवड्याची बेरीज करतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं मोठीला सांगा आणि गच्ची मोजायला लावा. गच्ची ६० चौरस मीटर आणि पाऊस २४ मिलिमीटर, तर १,४४० लिटर. मग घरात रोज किती बादल्या लागतात हे ती आपणहून मोजते. पुढे महाबळेश्वर धो धो भिजतं आणि घाट उतरून वाईत आलं की पाऊस इतका कसा रोडावतो, हे नकाशावर. हवामान खात्याच्या हिशेबात ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हेवी’ आणि ११५.६ ते २०४.४ ‘व्हेरी हेवी’. हे कळल्यावर बातमीतला ‘मुसळधार’ ती जरा संशयानेच वाचायला लागते.

मोठ्याने वाचनाचा तासही एकत्रच. पुस्तक मधल्याच्या वयाचं निवडा. मोठी वरून काहीतरी पकडते, आणि धाकटीच्या हातात कणकेचा गोळा दिला की ती टेबलाखाली बसून ऐकते.

एक सावधगिरी. ‘ताई आहे ना, ती घेईल बघून’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. मोठीने धाकटीला गोष्ट वाचून दाखवणं छान, पण दिवसाला वीस मिनिटांच्या वर नको, आणि तिच्या पाळीच्या बदल्यात तर मुळीच नको. फुकटची शिक्षिका मिळाल्याचं समाधान आपल्याला होतं, आणि तिचं बीजगणित मागे पडल्याचं सहा महिन्यांनी कळतं.

स्वयंपाकघर

घरकामाची वर्कशीट करू नका. काम म्हणजे काम. धाकटी मटार सोलेल, चमचे मांडेल. मधला कपड्यांच्या घड्या करेल, काकडी किसून कोशिंबीर करेल. मोठीकडे आठवड्यातून दोन दिवस वरण-भाताचा कुकर पूर्ण सोपवा: तांदूळ एक वाटी तर पाणी दोन, तूरडाळ एक वाटी तर पाणी अडीच-तीन, तीन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. पहिले चार कुकर तिच्या शेजारी उभं राहून.

पाळ्यांच्या दीड तासात गॅसवर काही ठेवायचं नाही, हा नियम मोठ्यांसाठी. भाजी रात्री चिरून ठेवा, कणीक सकाळी चहाबरोबर मळून टाका. मोडाची उसळ या घरांसाठीच जन्मली असावी: मटकी आठ तास भिजवा, उपसून फडक्यात घट्ट बांधा, दुसऱ्या दिवशी मोड. हाताचं काम पाच मिनिटांचं आणि मोडाची लांबी मोजायची वहीही तयार.

बाबा, आजी-आजोबा आणि पाहुणे

‘जरा मुलांकडे बघा’ असं सांगितलं की आजोबा टीव्ही लावतात. त्यांचा दोष नाही, काम धूसर आहे. ‘रोज ४ वाजता मधल्याचे पंधराचे पाढे’ असं सांगा. आजीकडे धाकटीची अंकलिपी. नोकरीवरून येणाऱ्या पालकाकडे एक विषय पूर्ण द्या, उदाहरणार्थ मोठीचं विज्ञान, रात्री जेवणानंतर अर्धा तास, पुस्तक आणि तपासणीसकट. ‘मदत’ म्हणून दिलेलं काम आठवड्यात गळतं.

आठवडा चार दिवसांचाच आखा. पाचवा दिवस वाचनालय, बाजार, राहिलेल्या फुल्या आणि डॉक्टर. गणपती, दिवाळी, मे महिना, लग्नसराई वजा जाता वर्षाचे ३६ आठवडे धरा. पुस्तकातले धडे मोजून त्याने भागा. भागाकार दोनच्या वर आला तर धडे गाळायचे आत्ताच ठरवा, मार्चमध्ये नाही.

मोठीचे कागद

शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे आणि त्यात होमस्कूलिंगसाठी वेगळी नोंदणी सांगितलेली नाही. पण दहावी कुठल्या मार्गाने हे मोठीच्या तेराव्या वर्षीच ठरवायला हवं. एनआयओएसच्या, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयी मंडळाच्या, दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. प्रमाणपत्रासाठी पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, माध्यम मराठीही मिळतं. प्रवेश पाच वर्षं चालतो आणि सुटलेले विषय जमा राहतात. घराच्या दृष्टीने हे फार सोयीचं: आधी दोन विषय, सहा महिन्यांनी तीन, म्हणजे धाकटीच्या पाळीवर गदा येत नाही. पुढे अकरावी सायन्स हवी असेल तर गणित आणि विज्ञान सोडू नका. दुसरा रस्ता राज्य मंडळाचा, १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून आधी शाळेत असलेल्या मुलाचा दाखला पहिल्याच दिवशी काढून घ्या. चार वर्षांनी तो मिळवायला हेलपाटे पडतात.

रोज रात्री प्रत्येक मुलाच्या वहीत तीन ओळी: काय झालं, काय अडलं, उद्या काय. पाच मिनिटं. तेव्हाच उद्याच्या वह्या ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे सकाळी नऊला कंपासपेटीची शोधाशोध होत नाही.

आणि कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवा, ताप, पाहुणे किंवा वीज गेल्याच्या दिवसासाठी. त्यावर एवढंच: ज्याची त्याची पाच गणितं, वीस मिनिटं वाचन, खिचडी.