विंडोजमधले नको असलेले प्रोग्राम कमांड देऊन कसे काढावेत

लॅपटॉप नवा असो की जुना, आपण कधीच न मागितलेले पाच-दहा प्रोग्राम त्यात ठाण मांडून बसलेलेच असतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ते एकेक शोधत बसण्यापेक्षा मला काळी खिडकी, म्हणजे कमांड टाइप करायचा कमांड प्रॉम्प्ट, बरी वाटते. विंडोज ११ मध्ये आणि अद्ययावत विंडोज १० मध्ये त्यासाठी विंगेट हे मायक्रोसॉफ्टचे साधन आधीपासूनच असते.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. विंगेट म्हणजे डब्ल्यू-आय-एन-जी-ई-टी, सलग.

विंडोजचे बटण दाबा, सीएमडी टाइप करा, एंटर मारा. खिडकी उघडली की ‘विंगेट लिस्ट’ द्या. पहिल्याच वेळी अटी मान्य आहेत का असे विचारले, तर वाय दाबून एंटर मारा. मग नाव, आयडी आणि आवृत्ती असे रकाने असलेली लांबलचक यादी येईल. तुम्ही विंगेटने काहीच इन्स्टॉल केलेले नसले तरी बाकीचे प्रोग्राम तिच्यात दिसतात. एवढी यादी वाचायची नसेल तर ‘विंगेट लिस्ट झूम’ असे पुढे नाव जोडा.

आता काढायचे. ‘विंगेट अनइन्स्टॉल’, मग एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून ‘आयडी’, पुन्हा जागा सोडून यादीतला तो आयडी, आणि शेवटी जागा सोडून एक आडवी रेघ व तिला चिकटून ‘ई’. ही ई म्हणजे ‘तंतोतंत हाच’. नुसते नाव दिले तरी चालते, पण त्या नावाचे दोन-तीन प्रोग्राम निघाले तर विंगेट काहीच न काढता नेमका कोणता ते सांगायला लावते. आयडीच्या शेवटी तीन ठिपके दिसले तर तो कापला गेला आहे. खिडकी रुंद करून यादी पुन्हा मागवा. आयडी हाताने टाइप करू नका, माउसने निवडा. राइट क्लिक केले की कॉपी होतो, पुन्हा केले की पेस्ट.

विंगेट त्या प्रोग्रामचाच अनइन्स्टॉलर चालवते. त्यामुळे मध्येच एखादी खिडकी उघडून ‘नक्की काढू का’ विचारेल किंवा विंडोज परवानगी मागेल. हो म्हणण्याआधी नाव वाचा, कारण इथे रिसायकल बिन नाही. यादीत व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल चार-पाच वेळा दिसेल. त्याला हात लावू नका, इतर प्रोग्राम त्याच्यावर चालतात. ड्रायव्हरचेही, म्हणजे प्रिंटर, आवाज वगैरे चालवणाऱ्या प्रोग्रामचेही, तेच.

जुन्या लेखांत याच कामासाठी डब्ल्यूएमआयसी या विंडोजच्या जुन्या साधनाची कमांड सुचवलेली असते. तिच्या नादी लागू नका. ती फक्त एमएसआय प्रकारचे, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने बसवलेले, प्रोग्राम दाखवते, यादी करता करता प्रत्येकाची तपासणी करत बसते, आणि मायक्रोसॉफ्टने ती आता मोडीत काढली आहे.

काम झाले की ‘विंगेट लिस्ट’ला तेच नाव पुन्हा जोडून बघा. काही सापडले नाही असा संदेश आला, की तो प्रोग्राम गेला.