ध्यानात मन भटकत असेल तर ठिपक्याचा आधार घ्या

डोळे मिटून ध्यानाला बसले की विचारांची गर्दी तरी होते किंवा डुलकी तरी लागते. नवशिक्यांची ही अडचण नजरेला एक स्थिर बिंदू दिल्याने बरीच कमी होते.

१. चकचकीत नसलेल्या पांढऱ्या कागदावर शर्टाच्या बटणाएवढा काळा, भरीव ठिपका काढून तो भिंतीवर सुमारे एक मीटर अंतरावर चिकटवावा. बसल्यावर तो डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली असावा, कारण नजर थोडी खाली असली की पापण्या डोळ्यांचा अधिक भाग झाकतात आणि डोळे लवकर कोरडे पडत नाहीत.

२. कपाळाला आठ्या न घालता ठिपक्याकडे पाहावे आणि प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक याप्रमाणे मनात एक ते दहा अंक मोजावेत. नजर ठिपक्यावर असूनही मन बाजारात फिरून येऊ शकते. अंक चुकला की ते लगेच कळते. मग पुन्हा एकपासून सुरुवात करावी.

३. काही वेळाने ठिपक्याभोवती उजळ कडा दिसू लागते. ती केवळ दृष्टी स्थिरावल्याची खूण आहे, तिला सिद्धी समजण्याचे कारण नाही. आता डोळे मिटावेत आणि आत उमटलेली फिकट प्रतिमा विरेपर्यंत तिच्यावरच लक्ष ठेवावे.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन मिनिटे पुरेत.

पापण्या लवू न देण्याचा हट्ट मात्र धरू नये. डोळे चुरचुरले की थांबावे आणि काचबिंदू किंवा डोळ्यांचा अन्य विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.