ब्रिटनीला एकट्याने जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

फ्रान्सच्या वायव्येला समुद्रात घुसलेला ब्रिटनी हा प्रांत एकट्याने फिरायला मला युरोपात सगळ्यात सोयीचा वाटतो. पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून वेगवान ट्रेनने रेन शहर दीड तासावर आणि समुद्रकाठचं सां मालो साधारण अडीच तासांवर. गाडी भाड्याने घ्यायची गरज पडत नाही.

तारखा ठरवा. मे, जून किंवा सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोकांच्याच सुट्ट्या असतात, खोल्या महागतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. एकट्याने चालणाऱ्याला याचा मोठा आधार.

तिकीट काढण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा. सां मालोत मोठ्या उधाणाला पाणी बारा मीटरच्याही वर चढतं-उतरतं. मुंबईत हाच फरक पाचेक मीटरचा. फ्रेंच तक्त्यात प्रत्येक भरतीपुढे २० ते १२० मधला एक आकडा असतो. तो ९० च्या पुढे गेला की उधाण समजा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे असे दोन दिवस तरी सां मालोत मिळावेत, असं बघा. तटबंदीसमोरच्या ग्राँ बे बेटावर लेखक शातोब्रियाँची समाधी आहे. हाजी अलीसारखीच तिथली वाटही ओहोटीलाच उघडी पडते. पाणी चढू लागलं की लगेच परता. अडकलातच तर बेटावरच थांबा, पाण्यात उतरू नका.

व्हिसा. शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या.

मुक्काम कमी ठेवा. आठवडा असेल तर दोनच: सां मालो आणि पेरोस-गिरेक. दुसऱ्या ठिकाणी जायला लानियोंपर्यंत ट्रेन, पुढे बस. गावाकडच्या बसचं वेळापत्रक मात्र नीट वाचा. काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशी असतात आणि रविवारी बस जवळजवळ नसतेच. म्हणून गाव बदलायचा दिवस रविवार नको.

चाला. अख्ख्या किनाऱ्याने जीआर ३४ ही सुमारे २,००० किलोमीटरची पायवाट जाते. तस्करांवर नजर ठेवायला जकातीचे शिपाई इथून गस्त घालायचे. खडकांवर, खांबांवर पांढरा-लाल पट्टा दिसला की वाट बरोबर. त्याच रंगांची फुली दिसली की मागे फिरा. पेरोस-गिरेकच्या त्रेस्त्राऊ किनाऱ्यावरून प्लुमनाकच्या दीपगृहापर्यंतचा टप्पा चुकवू नका. गुलाबी ग्रॅनाइटचे घराएवढे मोठे धोंडे एकमेकांवर कसेबसे टेकलेले दिसतात आणि मावळतीच्या उन्हात त्यांचा रंग तांबूस होत जातो. संध्याकाळीच जा, मुक्काम पेरोस-गिरेकला असला की शेवटच्या बसची चिंता नाही. निघताना घरमालकाला कुठे जाताय ते सांगा. मदतीचा क्रमांक ११२.

जेवण. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. गॅलेट म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ, कडेने कुरकुरीत धिरडं. आत चीज, मशरूम, अंडं, हवं ते. ‘कॉम्प्लेत’ नावाच्या गॅलेटमध्ये हॅम असतं, ते नको असेल तर ‘सां जांबों’ म्हणा. दुपारी दोननंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात, तेव्हा साडेबारालाच जाऊन बसा. शनिवारी संध्याकाळी रविवारपुरता ब्रेड, चीज आणि फळं घेऊन ठेवा.