खानदेशातून समुद्रावर: हवेची बोट आणि तिचं इंजिन कसं निवडावं

सारंगखेड्याला माझं पंप-मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. तापीकाठी असल्याने बोटीची इंजिनंही अधूनमधून येतात, आणि हल्ली त्यांच्याबरोबर एक प्रश्न येतो. 'आप्पा, डहाणू-पालघरकडे गळ टाकायला जायचंय. हवेची, म्हणजे हवा भरून फुगवायची बोट घेऊ का? कोणती घेऊ?' बाकावर बसलेली म्हातारी मंडळी लगेच हसतात, 'आपलाकडे समुंदर कोठे शे रे भो?'

म्हाताऱ्यांचा प्रश्न बरोबर आहे, आणि बोटीची निवड तिथूनच सुरू होते. किनाऱ्यावर राहणाऱ्याची होडी वाळूवर पडून असते. आपली बोट घडी होऊन गाडीत बसली पाहिजे, दोघांनी उचलून चिखलातून पाण्यापर्यंत नेता आली पाहिजे, आणि वर्षातले बाकीचे महिने पत्र्याच्या शेडखाली तग धरून राहिली पाहिजे. मे महिन्यात बाहेरच पारा ४४-४५ वर असतो, पत्र्याखाली काय होत असेल ते ओळखा. माझ्या मते आपल्याकडच्या बोटी खाऱ्या पाण्यापेक्षा या उन्हानेच जास्त मरतात. म्हणून आधी कापड बघा, लांबी-रुंदी नंतर.

कापड दोन जातींचं. एक पीव्हीसी, दुसरं हायपलॉन जातीचं रबर, जे आता सीएसएम नावाने मिळतं. रबर ऊन जास्त सोसतं, पण किंमत बरीच चढते. वर्षातून मोजक्या वेळा जाणाऱ्याला चांगलं पीव्हीसी पुरतं, अट एवढीच की जाडी ०.९ मिलिमीटरच्या खाली नको. १.१ किंवा १.२ मिळालं तर उत्तम. पोहण्याच्या तलावातली रंगीत बोट समुद्रावर नेऊ नका. कालवं चिकटलेल्या एका खडकाला ती घासली की संपली.

कापडापेक्षाही सांधा महत्त्वाचा. पीव्हीसीच्या बोटीत सांधे एक तर उष्णतेने वेल्ड केलेले असतात, नाही तर गोंदाने चिकटवलेले. गोंद उन्हाने मऊ पडतो. दुकानदाराला सरळ विचारा, 'वेल्ड आहे की गोंद?' तो घुटमळला तर गोंद समजा. जुनी बोट घेत असाल तर आमच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, तसे तुम्ही सांधे बघा. इंजिन लावायची मागची फळी जिथे बाजूच्या हवेच्या नळ्यांना जोडलेली असते, तिथल्या पट्टीच्या कडेला नख घालून हलकेच उचला. कड सुटत असेल, बोटाला चिकट लागत असेल किंवा गोंद तपकिरी पडला असेल, तर पैसे खिशातच राहू द्या. सगळं इंजिन त्या जोडावर ओढ देतं. मग बोट फुगवून सांध्यांना आणि व्हॉल्व्हना साबणाचं पाणी लावा, आणि रात्रभर तशीच ठेवा. पहाटे नळी थोडी मऊ लागली तर घाबरू नका, थंडीने हवा आकसते. एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा जास्त बसला असेल तर मात्र तिथे गळती आहे.

हवेचं गणित आपल्याकडे नीट कळायला हवं. नळ्यांत साधारण ०.२५ बार दाब भरतात. सकाळी २५ अंशांना भरलेली नळी दुपारी उन्हात ५५ अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब दीडपट होतो. म्हणून सारंगखेड्याच्या घाटावर दुपारी बोट फुगवून उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका. उलट उन्हात टणक भरलेली बोट पाण्यात उतरली की गार होऊन सैल पडते. पाण्यात उतरवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा दाब बघून थोडी हवा भरा. दाब मोजायचा काटा बोटीसोबत नसेल तर वेगळा घ्या. अंगठ्याने दाबून अंदाज करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

लांबी दोन माणसांना ३.२ ते ३.३ मीटर पुरते. कमीत कमी तीन वेगळे हवेचे कप्पे असावेत, म्हणजे एक फुटला तरी बोट तरंगते. तळ लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या फळ्यांचा असेल तर वजन ५५-६० किलोपर्यंत जातं, जास्त दाबाच्या हवेचा तळ असेल तर चाळीसच्या आसपास. फळ्यांवर उभं राहून गळ टाकायला मजा येते हे खरं. पण ओहोटीला पालघरच्या खाडीत चिखलातून ती बोट ओढत आणायची वेळ आली की मजा उतरते. मी हवेचा तळ सुचवतो, वर जुन्या रबरी मॅटचा तुकडा टाकून. शिंगाळ्याचा काटा दातेरी असतो, तडफडणारा मासा थेट तळावर पडता कामा नये.

आता इंजिन. बोटीच्या मागच्या फळीवर एक पाटी असते. माणसं किती, वजन किती, जास्तीत जास्त एचपी किती, सगळं त्यावर असतं. त्या एचपीच्या वर जायचं नाही, यात चर्चा नाही. मग फळीची उंची मोजा, कारण इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा, त्या मापाचा लागतो. ३८ सेंटिमीटर म्हणजे १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, ५१ म्हणजे २० इंच असेल तर लाँग शाफ्ट. हवेच्या छोट्या बोटींना बहुधा शॉर्टच लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून लाँग शाफ्ट लावलं की पंखा नको तेवढा खोल जातो आणि खाडीत चिखल घुसळतो. इंजिन बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली पाहिजे.

एचपी किती? सपाट पाण्यात अडीच एचपीही भागवतं, सारंगखेडा बॅरेजच्या पाण्यात तर आरामात. पण भरलेली बोट त्यावर ताशी सात-आठ किलोमीटर जाते. उधाणाला खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी ताशी पाचने बाहेर धावत असलं, तर परत येताना हातात उरतात दोन-तीन, आणि समोरून वारा असला तर तेही नाहीत. शिवाय अडीच एचपीची टाकी लिटरभराची, जोरात चालवली तर जेमतेम तासभर. लाटांत हलत्या बोटीवर पेट्रोल ओतण्याचा खेळ करायचा नाही.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं: ६ एचपी, चार स्ट्रोक, वेगळी टाकी जोडता येणारं. बऱ्याच कंपन्यांची ४, ५ आणि ६ एचपी इंजिनं एकाच ठोकळ्याची असतात, वजन पंचवीस किलोच्या आसपास, एका माणसाला उचलता येतं. ९.९ एचपी चाळीस किलोपर्यंत जातं, मग प्रत्येक वेळी दोघं लागतात. दोन स्ट्रोकचं जुनं इंजिन हलकं आणि दुरुस्तीला सोपं, मलाही आवडतं, पण त्यात बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू-३ तेलच घालायचं. मोटारसायकलचं टू-टी तेल चालत नाही. सहा एचपी पूर्ण जोरात तासाला सव्वादोन-अडीच लिटर पितं. एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव, या हिशेबाने टाकी भरा.

घेण्याआधी इंजिन चालवून बघा. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप कापून मी दुकानामागे ठेवलंय. त्यात पाणी पंख्यावरच्या पट्टीच्या वर भरायचं आणि इंजिन सुरू करायचं. काही क्षणांत मागून पाण्याची बारीक धार बाहेर पडली पाहिजे. धार सलग असावी, हाताला कोमट लागावी. ती थेंबथेंब पडत असेल तर आतला रबरी इम्पेलर, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारा छोटा पंखा, गेलाय. पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही फिरवू देऊ नका, 'नुसता आवाज ऐका' म्हणणाऱ्याला तर अजिबात नाही. कोरडा फिरला की इम्पेलर जळतो. तापीच्या गाळाच्या पाण्यानेही तो झिजतो, तेव्हा सुटा एक जवळ असू द्या.

नवीन चार स्ट्रोकला पहिले दहा तास सांभाळून चालवायचं असतं. ते तापीतच करून घ्या. धरण-बॅरेजमध्ये उतरण्याआधी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या, आणि तिथली मासेमारी बहुधा सोसायटीकडे असते, त्यांनाही विचारा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, म्हणून घरी आल्यावर कार्ब्युरेटर रिकामा करूनच इंजिन ठेवा. समुद्रावरून आल्यावर त्याच पिंपात गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवा. गाडीत आडवं ठेवण्याआधी आतलं पाणी उभ्यानेच निथळू द्या, आणि चार स्ट्रोक असेल तर झाकणावर दाखवलेल्या बाजूनेच झोपवा, नाही तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीची पाऊणपट करा: अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ फार. नवख्याने अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याला ओढ कमी असते तेव्हा जावं. सुरत आपल्याला रस्त्याने जवळ, पण तिथे खंभातच्या आखाताचं पाणी फार चढतं-उतरतं. सुरुवात तिकडे करू नका, डहाणूच्या दक्षिणेची एखादी खाडी बरी. तिथे जिताडा, तांबोशीही मिळते. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि हलकी बोट नकळत बाहेर नेतो, दुपारी खारा वारा सुटला की लाटा तुटतात. दहा-अकराला परत फिरा.

सोबत वल्ही, लाइफ जॅकेट अंगात (पिशवीत नव्हे), आणि खोलीच्या पाच-सात पट दोरी लावलेला नांगर. नांगर नेहमी पुढच्या टोकाला बांधा. मागे बांधला तर लाट फळीवरून आत येते. किल स्विचची दोरी मनगटाला, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडतं.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पावसाळ्यात तसंही जायचं नाही. बोटीची नोंद आणि परवान्याबद्दल तिथल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा, आधार कार्ड जवळ ठेवा, सागरी पोलीस हटकतात. मोबाइलमध्ये दोन क्रमांक साठवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.