हवाई कसरतींचा वैमानिक गेला, तर त्याचं सुतक कसं धरावं

२१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. बोरीकाठच्या आमच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. चार वाजून गेले होते. बाया ओट्या रिकाम्या करत होत्या आणि मी काट्यापाशी वजनं लिहीत होतो. पुतण्या बांधावरून पळत आला, "नाना, हाई देखा" म्हणत त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. दुबईच्या एअर शोमध्ये आपलं तेजस हे लढाऊ विमान खाली येताना दिसलं आणि मग धूर. मी फोन उलटा करून पोत्यावर ठेवला. "कोण होता?" विचारलं. त्याला माहीत नव्हतं. व्हिडिओ मात्र त्याने तोवर तीन ग्रुपवर टाकला होता.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा होतो. १९९८ पासून सहा वर्षं बिदरला, सूर्यकिरण या हवाई दलाच्या कसरतींच्या संघाच्या लाइनवर. तेव्हा त्यांच्याकडे किरण मार्क-२ विमानं होती, लाल-पांढरी, नऊ. पायलटला सीटवर पट्ट्यांनी आवळून बांधायचं, सीटच्या सेफ्टी पिना काढून त्याला मोजून दाखवायच्या, शिडीवरून उतरायचं आणि मग ती परत येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. आम्ही आकाशात बघत मोजायचो. नऊ गेले, नऊ आले. असं काम केलेल्या माणसाला अशी बातमी कशी लागते, हे गावात समजावून सांगताना मला अडचण येते. नात्याचं सुतक कसं पाळायचं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दारावर कधी जायचं, दहावा कुठे करायचा, गंधमुक्तीला कोणी काय आणायचं, सारं ठरलेलं आहे. पण जो आपल्या रक्ताचा नाही, ज्याला आपण फक्त टीव्हीवर मरताना पाहिलं, त्याचं काय करायचं, हे कोणी सांगितलेलं नाही. मी जे करतो ते लिहितो.

सगळ्यात आधी नाव शोधा, आणि ते पूर्ण, हुद्द्यासकट शोधा. बातमी पसरते ती "तेजस कोसळलं" अशी. विमानाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, माणसाचं नसतं. त्या दिवशी गेले ते विंग कमांडर नमांश स्याल, हिमाचलातल्या कांगडा जिल्ह्यातले. मी ते नाव घरी येऊन वहीत लिहिलं आणि पुतण्याला तीनदा म्हणायला लावलं. त्याला राग आला असेल, पण आता तो ते नाव विसरणार नाही. नाव अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत मात्र कोणाचंही नाव पुढे पाठवू नका. कुठल्या तरी घरात त्या वेळी फोन वाजायचा बाकी असतो.

मग व्हिडिओ. तो पाहू नका, आणि आधीच पाहिला असेल तर पुढे ढकलू नका. पाठवला असेल तर ग्रुपवरून काढा आणि का काढला ते एका ओळीत लिहा. मी पुतण्याकडून हेच करवून घेतलं. त्याने लिहिलं, "चूक झाली, हा कोणाच्या तरी मुलाचा शेवट आहे." मी सांगितलेलं वाक्य नव्हतं ते, त्याचंच होतं. गावात मयत उघडी पडली तर आपण पहिली चादर टाकतो, तसंच हे.

आपल्या माणसांना हे कळतं, याची मला खात्री आहे. १६ जुलै २०२१ला शिरपूरहून उडालेलं एक शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पडलं. शिकवणारे वैमानिक जागीच गेले, शिकणारी मुलगी जखमी होती. तिथल्या आदिवासी बायाबापड्यांनी झोळी केली, तिला तिच्यात घातलं आणि चिखलवाटेने खांद्यावर वाहून नेलं. पावसाळ्याचे दिवस, गाडी जाईल असा रस्ता नाही. विमान कसलं, कोणाचं, का पडलं, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या माहितीत खान्देशात विमान अपघाताच्या वेळी कसं वागावं याचा याहून मोठा धडा नाही.

तिसरी गोष्ट लोकांना जड जाते. "त्याने उडी का नाही मारली?" हे विचारू नका. आणि कोणी विचारलंच तर उत्तर माहीत असू द्या. इजेक्शन सीट पायलटला विमानाबाहेर फेकते, हे खरं. पण हँडल ओढायचा निर्णय, सीट सुटणं, पॅराशूट उघडणं, या सगळ्याला मिळून काही क्षण लागतात. विमान जमिनीकडे वेगात जात असेल, आडवं किंवा उलटं असेल, तर सीट चांगली असूनही तेवढी उंची हातात राहत नाही. प्रदर्शनाचं उड्डाण लोकांना दिसावं म्हणून मुळात खालूनच करतात. १९ फेब्रुवारी २०१९ला एरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बंगळूरला येलहंका इथे सरावात सूर्यकिरणची दोन हॉक विमानं एकमेकांना धडकली. दोघे पायलट बाहेर पडून वाचले, विंग कमांडर साहिल गांधी गेले. एकाच आकाशात, एकाच मिनिटात. म्हणून कोणाच्या शौर्याचं माप उडी मारली की नाही मारली यावर काढू नये.

याची दुसरी बाजूही आहे. "लोकांना वाचवण्यासाठी त्याने उडी मारली नाही" असं भावनेच्या भरात लिहायला आपल्याला आवडतं. तेही चौकशी होईपर्यंत लिहू नका. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे दलाची चौकशी बसते, ती तिचं काम करते. आपण रचलेली गोष्ट घरच्यांच्या कानावर जाते आणि पुढे खरं कारण वेगळं निघालं, तर त्यांना तो माणूस दुसऱ्यांदा गमवावा लागतो.

"कसरती करताना गेला" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. आपल्याकडे कसरत म्हटलं की डोंबाऱ्याचा खेळ डोळ्यांपुढे येतो. एका कट्ट्यावर मी कानांनी ऐकलं, "लढाईत गेला असता तर गोष्ट वेगळी." म्हणून मी कापसाच्या हिशेबात सांगतो. ७० किलोचा माणूस ६ जीच्या, म्हणजे वजन सहापट करणाऱ्या वळणात बसला की त्याच्या अंगावर ४२० किलोंचा भार येतो, म्हणजे चार क्विंटलांहून जास्त. रक्त डोक्यातून पायांकडे धावतं, नजर काळवंडते, आणि त्याच क्षणी त्याला उंची, वेग आणि पुढचं वळण सांभाळायचं असतं. पोटऱ्या आणि मांड्या आवळून, श्वास कोंडून तो ते करतो. एकच प्रदर्शन आधी खूप उंचावर, मग हळूहळू खाली आणत, महिनोन्‌महिने घोटतात. सूर्यकिरणमध्ये पंखाला पंख पाच मीटरांच्या आत असतो. आमच्या बैलगाडीची लांबी घ्या, तेवढ्या अंतरावर दुसरं विमान. ज्याच्यावर दल इतका विश्वास टाकतं, तोच तिथे उभा राहतो. सैन्यात भरती व्हायचं म्हणून पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं आमच्या तालुक्यात आहेत, त्यातल्या किती जणांनी लहानपणी असं एखादं उड्डाण पाहून ठरवलं असेल! त्या माणसाचं ते काम होतं आणि तो कामावर असताना गेला. एवढं तरी सगळ्यांनी म्हणावं.

फ्लेक्स लावणार असाल तर विमान नीट बघा. तेजसच्या माणसाला श्रद्धांजली वाहताना दोन शेपट्यांचं सुखोई छापलेलं मी पाहिलं आहे. तेजसला एकच उभी शेपटी आणि त्रिकोणी पंख. सूर्यकिरणचं विमान लाल-पांढरं. पुढाऱ्यांचे फोटो नकोत. बाकी काही बिघडत नाही.

आता दारावर जाण्याबद्दल. बहुतेकांचा त्या घराशी संबंध नसतो, आणि ते बरंच आहे. फोन नंबर शोधून अनोळखी आवाजात सांत्वन करू नका. पण आपल्या भागात दुसरी घरं असतात, जिथला मुलगा अजून उडतो आहे. आमच्या जवळच्या एका गावचा पोरगा हवाई दलात पायलट आहे. त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या आईच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. "काकू, तुमचा तर नाही ना?" हा एकच प्रश्न प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत विचारला. काकू प्रत्येकाला "नाही भाऊ, त्याचा फोन आला" म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांचा हात गळ्यातल्या पोतीकडे जात होता. मी पोचलो तेव्हा सात वाजले असतील. चूल पेटलेली नव्हती.

तिथे काय करावं ते मला त्या संध्याकाळी उमगलं. माझ्या बायकोने विचारलं काहीच नाही, थेट मागच्या दारी गेली, पीठ काढलं आणि भाकरी थापायला बसली. मी ओट्यावरच्या लोकांना सांगितलं, "पोरगा ठीक आहे, आता घरी जा." थोडा दरडावूनच. नंतर काकूंजवळ बसलो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "नाना, आज मना पोऱ्या वाचना असं म्हनाले बी लाज वाटस." त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. गप्प बसलो. पिठलं-भाकरी झाल्यावर त्यांनी अर्धी खाल्ली. अशा घरी गेलात तर प्रश्न घेऊन जाऊ नका, भाकरी घेऊन जा, आणि त्यांना मोठ्याने हायसं वाटायला लावू नका. ज्या बाईचा मुलगा गेला तिच्यासाठी ही बाई आतून रडत असते.

शांतता कशी पाळायची, हेही बोलतो. दुबईला अपघातानंतर शो चालूच राहिला. अमेरिकेच्या एफ-१६ संघाने मात्र आपलं शेवटचं प्रदर्शन रद्द केलं. ते वाचून मला आपली गल्ली आठवली. गल्लीत मयत झाली असेल तर वरात तेवढ्या भागातून बँड बंद करून जाते. नवरदेव घोड्यावर असतो, बँडवाले वाद्यं काखेत धरून चालतात आणि कोपरा ओलांडला की पुन्हा सुरू. कोणी कोणाला सांगावं लागत नाही. त्या रात्री तुमच्या घरी वाढदिवस असेल तर जरूर करा, लेकरांचं मन मोडू नका. फक्त थोडा वेळ स्पीकर बंद ठेवा आणि का ठेवला ते लेकरांना सांगा. हवाई दल यासाठी एक उड्डाण करतं. विमानं रांगेत येतात, त्यातलं एक सरळ वर निघून जातं आणि बाकीची त्याची जागा तशीच रिकामी ठेवून पुढे जातात. लेकरांना हाताच्या बोटांनी दाखवता येतं, एक बोट वर घ्यायचं.

आता शेवटचं, माझ्या आईकडून आलेलं.

मार्च २००६. मी बिदर सोडून दोन वर्षं झाली होती आणि होळीच्या सुट्टीला घरी आलो होतो. १८ तारखेला बिदरजवळ सूर्यकिरणचं किरण कोसळलं. विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वॉड्रन लीडर शैलेंदर सिंग गेले. मी रात्रभर फोनवर होतो, जुन्या सोबत्यांशी बोलत होतो. काय तुटलं असेल, इंजिन की कंट्रोल, अंदाजावर अंदाज. आई दारात उभी राहून ऐकत होती. पहाटे तिने विचारलं, "त्यानी माय जित्ती शे का? तिले कोनी सांगं व्हई रे?" त्याची आई जिवंत आहे का, तिला कोणी सांगितलं असेल, हे इतक्या तासांत माझ्या मनातही आलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि मग मला पहिल्यांदा रडू आलं.

दीड महिन्याने आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. मी सुट्टी मिळवून पुन्हा आलो. आईने नेहमीसारखी घागर भरली, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या ठेवल्या. आमच्याकडे उंबरठ्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतात. आजोबा, आजी, लहानपणी गेलेला काका. सगळे झाल्यावर तिने बोट परत कुंकवात बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "नाव सांग." मी दोन नावं सांगितली. तिला "शैलेंदर" नीट म्हणता आलं नाही, तिने पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं आणि दोन बोटं ओढली. आगारी, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर टाकताना त्यांच्या वाट्याची पुरणपोळीही गेली.

तेव्हापासून आमच्या उंबरठ्यावर ही बोटं वाढत आहेत. जानेवारी २००९मध्ये बिदरलाच विंग कमांडर धालीवाल गेले. ३ मार्च २०१०ला हैदराबादला नौदलाच्या सागर पवन संघाचे दोघे गेले, कमांडर मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर. मग साहिल गांधी. आई गेल्यावर हे माझी बायको करते, आणि माझी आईही आता त्याच रांगेत असते, त्यांच्या आधी एक बोट.

तुम्हाला करायचं असेल तर अवघड नाही. घरच्या पितरांची नावं आधी घ्या, त्यांचा मान पहिला. मग ताट पुढे करून घरातल्या लहानातल्या लहान पोराला नाव म्हणायला सांगा, म्हणजे ते पुढच्या वर्षी लक्षात राहतं. हुद्दा म्हणायची गरज नाही, उंबरठ्यावर सगळे सारखे. धर्म, जात, गाव विचारायचं नाही. पाणी जास्त भरा, आखाजीला ऊन फार असतं.

या आखाजीला नाव पुतण्या म्हणणार आहे. त्याने आत्ताच सांगून ठेवलं आहे.