प्रिन्सेस कट जोडताना छातीवर चुण्या पडू नयेत म्हणून

वेशभूषेच्या अंगालगत चोळीत प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून उभी जाणारी शिवण, घालून मधला आणि बाजूचा भाग जोडताना छातीपाशी हमखास चुण्या पडतात, कारण दोन्ही कडांचा बाक वेगळा असतो. मधल्या भागाच्या मायेत (शिलाईरेषेबाहेर सोडलेल्या जादा कापडात), शिलाईरेषेपासून 2 मिमी अंतरावर, आधी एक बारीक टीप मारा. मग उंचवट्याभोवती दर 1 सेंमीला त्या टिपेपर्यंत कात्रे द्या. टीप मात्र तुटता कामा नये. आता कड उघडते आणि बाजूच्या बाकावर बसते. कात्र्यांचा भाग वर ठेवून धावदोरा घाला, मगच मशीन चालवा. बाजूच्या मायेत छोटे त्रिकोण कापा. इस्त्री सपाट टेबलावर नकोच, गोलाई मरते. घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर शिलाई उघडून दाबा.