काचेचा खिल्लार बैल: शिल्पमणी कसा घडवावा आणि कसा शिकवावा

बेंदराला सातारा-सांगलीकडे घरोघरी मातीचे बैल पुजले जातात. तोच बैल काचेत, मधून दोरा ओवता येईल असा मणी म्हणून घडवायचा, ही इथली कृती. बैल खिल्लार आहे. आटपाडी, जत, माण या भागातला, उंच वशिंडाचा, अरुंद तोंडाचा, मागे झुकलेल्या लांब शिंगांचा.

गोल मणी जमायला लागला की प्रत्येकाला प्राणी करावासा वाटतो आणि पहिल्या पाच-सहा प्रयत्नांत शिंगं तडकतात. पोट जाड असतं, शिंग बारीक. आगीबाहेर पोट बराच वेळ तापलेलं राहतं, शिंग तीन-चार सेकंदांत निवतं आणि आकसतं. तो सगळा ताण जोडावर येतो. या दोन भागांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं गरम ठेवणं हे खरं काम आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

काच आणि सामान

इटलीहून येणाऱ्या मऊ सोडा-लाइम काचेच्या कांड्या वापराव्यात. त्या ५ ते ६ मिलिमीटर जाड आणि साधारण ३३ सेंटीमीटर लांब असतात. त्यांचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा, १०४. प्रयोगशाळेच्या नळ्यांची बोरोसिलिकेट काच ३३ ची असते. या दोन्ही एका मण्यात कधीही एकत्र करू नयेत. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबाद आणि पुरदिलनगरकडच्या कांड्या स्वस्त असतात, रंगही सुरेख असतात, पण एका खेपेची काच दुसऱ्या खेपेशी जमेलच असं नाही. म्हणून ओढ-चाचणी करावी. दोन्ही रंगांचे हरभऱ्याएवढे गोळे शेजारी-शेजारी चिकटवून तापवायचे, पिळ न देता ३० सेंटीमीटरची तार ओढायची आणि थंड होऊ द्यायची. तार सरळ राहिली तर काच जमते. धनुष्यासारखी वाकली तर त्या दोन काचा एका मण्यात घेऊ नका. फुटक्या बांगड्या, बाटल्या, कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची घरात पडलेली जुनी काच, असं काहीही वापरायचा मोह झाला तरी आधी हीच चाचणी.

मणी ज्या सळईवर गुंडाळायचा ती स्टेनलेस स्टीलची हवी. वेगळी मागवायची गरज नाही. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात टिग वेल्डिंगची २.४ मिलिमीटरची फिलर रॉड मिळते, मीटरभर लांब. तिचे चार तुकडे करून टोकं कानशीने घासावीत. सळईवर लेप नसेल तर मणी कायमचा चिकटतो. लेपासाठी चायना क्ले आणि अॅल्युमिना हायड्रेट समभाग घेऊन पाण्यात दाट ताकासारखे कालवावे. सळई सहा-सात सेंटीमीटर बुडवून सरळ वर काढावी आणि रात्रभर उभी वाळवावी. लेपाचे पापुद्रे निघाले तर चायना क्ले थोडी वाढवा. मणी सळईवरून सुटतच नसेल तर अॅल्युमिना वाढवा. साताऱ्यात जुलै-ऑगस्टला लेप दोन दिवसांतही वाळत नाही, तेव्हा सळया गरम भट्टीच्या माथ्यावर उभ्या कराव्यात. ओला लेप आगीत फुगतो आणि मण्याखालून सुटतो.

बाकी हत्यारांत ग्राफाइटची सपाट पट्टी, सोनारकामाचे दोन चिमटे आणि जुन्या सुरीचं पातं पुरे. ग्राफाइट सराफ कट्ट्यावरच्या हत्यारांच्या दुकानात किंवा विट्याकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांकडे विचारावं. चष्मा मात्र डिडिमियमचाच हवा. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगझगाट तो अडवतो. साध्या गॉगलमधून सगळंच अंधारतं आणि शिंगाचं टोक दिसत नाही.

आग

एलपीजी आणि ऑक्सिजन टॉर्चच्या तोंडाशी येऊन मिसळतात असा बर्नर घ्यावा. विकण्यासाठी किंवा वर्गासाठी काम असेल तर घरगुती लाल सिलिंडर चालत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. ऑक्सिजनसाठी एका छोट्या टॉर्चला मिनिटाला ५ लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, पुरतो. वर्ग असेल तर ७ घनमीटरचा काळा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून ठेवावा. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत नळीत मागे शिरू न देणाऱ्या झडपा, बसवाव्यात. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागू देऊ नये. तिथे तेल पेट घेतं. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती जमिनीलगत साचते. खिडकी उघडी आहे एवढ्यावर भागत नाही, खाली दाराशीही वाट हवी. टॉर्चच्या वर धूर ओढणारा एक्झॉस्ट पंखा हवा. छताचा पंखा बंदच ठेवा, तो ज्योत हलवतो आणि मणी एका बाजूने थंड करतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत हे सोसवत नाही, तेव्हा सकाळी सातला कामाला बसावं.

पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. बर्नरच्या तोंडाशी निळे, टोकदार, ५-६ मिलिमीटरचे सुळे दिसले की ज्योत बरोबर. पिवळी शेपटी असेल तर पांढरी काच राखाडी पडते. बैलाच्या अंगावर काळवंडलेले डाग दिसले तर काचेला दोष देण्याआधी ज्योत तपासावी.

बैल घडवणं

शिंगांसाठी काळी तार आधीच ओढून ठेवा. कांडीच्या टोकाशी वाटाण्याएवढा गोळा करून आगीबाहेर काढा, दोन सेकंद थांबा आणि हळू ओढा. घाई केली तर तार केसासारखी निघते. आपल्याला २ मिलिमीटरची हवी.

मग सळई लेपासकट ज्योतीत मंद लाल होईपर्यंत तापवा. पांढऱ्या कांडीचं टोक एकदम आगीत घुसवू नका, तडतडून उडतं. आधी दूरच्या उबेत फिरवा. काच काकवीसारखी, धार धरेल इतकी झाली की सळईला टेकवून सळई आपल्यापासून दूर फिरवत गुंडाळत जा. काच गुंडाळली जाते ती सळईच्या फिरण्याने, कांडी जागेवरच राहते. पोटाचा आकार २० मिलिमीटर लांब आणि १२ मिलिमीटर जाड. त्याला ६ मिलिमीटरच्या कांडीची सुमारे ८ सेंटीमीटर काच लागते. ग्राफाइटवर हलके लोळवून ते गुळगुळीत करा. दोन्ही टोकांना भोकाभोवती काच आत वळलेली दिसली पाहिजे. तिथे धारदार कंगोरा राहिला तर पुढे दोरा कापतो.

आता पोटाखालच्या बाजूला काचेची आणखी एक पट्टी चढवा, म्हणजे भोक मध्यापेक्षा थोडं वर, पाठीकडे जाईल. हे विसरलं तर वशिंड आणि शिंगांच्या भाराने बैल दोऱ्यावर उलटा होतो, पाय आकाशाकडे. नवशिक्यांच्या माळेत हे हमखास दिसतं.

जाड भाग आधी, बारीक भाग शेवटी, हा क्रम मोडू नका. पहिलं वशिंड. खांद्याच्या जागी हरभऱ्याएवढा गोळा टेकवा आणि त्याच्या बुडाशी आग द्या, टोकाला नाही. बूड वितळून पाठीत मिसळलं पाहिजे. मग पुढच्या भोकाच्या कडेपासून दोन मिलिमीटर वर मानेचा गोळा, त्यावर तोंडाचा. तोंड मऊ असताना चिमट्याने दोन्ही बाजूंनी अलगद दाबून पुढे ओढलं की खिल्लारचा लांबट, अरुंद चेहरा मिळतो. चिमटा थंड असतो, एका दाबाला एक सेकंदापेक्षा जास्त टेकवू नका. टेकवला तर तिथे वळ उठतो आणि त्याच रेषेवर पुढे तडा जातो.

पाय आखूडच ठेवा, ५ मिलिमीटरचे चार जाड खुंट. खऱ्या खिल्लारचे पाय लांब असतात, पण गळ्यातल्या मण्याला लांब पाय म्हणजे चार तुटणारी टोकं. पाय जड असले की मणी आपोआप सरळ लोंबतो. समोरासमोरचे दोन पाय लागोपाठ लावावेत, एक बाजू तापत असताना दुसरी गार पडू नये म्हणून.

या साऱ्या वेळात दर आठ-दहा सेकंदांनी संपूर्ण मणी ज्योतीच्या मागच्या, दूरच्या उबेतून एकदा फिरवून घ्या. तोंडावर काम चाललं असताना शेपटीकडची बाजू विसरली जाते. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला तर तडा गेलाच समजा. लगेच उजेडात पाहा. वरवरचा असेल तर हळूहळू दूरच्या उबेतून पुढे आणून तिथली काच पुन्हा वितळवता येते. तडा भोकापर्यंत गेला असेल तर तो मणी सोडा.

पाठीवर झूल हवी असेल तर शिंगांच्या आधी लाल तारेच्या दोन रेघा ओढून त्या अर्ध्याच वितळवा. लाल काच फार तापली की करपल्यासारखी काळपट होते. डोळे म्हणजे काळ्या तारेचे मिलिमीटरभर ठिपके.

मग शिंगं. डोक्यावरची जागा आणि तारेचं टोक दोन्ही एकाच वेळी तापवा, इतकं की दोन्ही नारिंगी दिसतील. टेकवा, एक सेकंद थांबा, तार किंचित पुढे ढकला. या ढकलण्याने बुडाशी छोटा गळपट्टा तयार होतो आणि जोड रुंद होतो. नुसतं चिकटवलेलं शिंग आज टिकतं आणि भट्टीतून निघताना गळून पडतं. मग तारेला मधे आग देऊन मागे वाकवा आणि १० मिलिमीटरवर ज्योतीनेच तोडा. टोक आगीत गोल करा, टोकदार शिंग कपड्यात अडकतं. खिल्लारची शिंगं मुळाशी जवळजवळ, आधी मागे जाऊन मग वर चढणारी असतात. मण्यात ती मागे आणून टोकं वशिंडाच्या बाजूंना किंचित टेकवावीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. निसर्गापासून थोडं दूर जातो, पण शिंग दोन्हीकडून बांधलं जातं आणि बैल वर्षानुवर्षं वापरात राहतो.

शेवटी मणी ज्योतीच्या मागच्या उबेत तीस-चाळीस सेकंद सावकाश फिरवा. कुठेही लाली दिसायला नको, आकार ढळायला नको. लगेच भट्टीत.

भट्टी

के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि पीआयडी कंट्रोलर (ते तापमान आपोआप राखणारं यंत्र) असलेली छोटी विजेची भट्टी हवी. ती काम सुरू करण्याआधीच ५१० अंश सेल्सिअसवर आणून ठेवा. शेवटचा मणी आत गेल्यावर तासभर ५१० वर धरा, मग ताशी ४० अंशांनी ३७० पर्यंत उतरवा. याला साडेतीन तास लागतात. त्यानंतर भट्टी बंद करा आणि दार सकाळीच उघडा. काही जण गरम राखेत किंवा व्हर्मिक्युलाइट या हलक्या, फुललेल्या खनिजात मणी पुरतात. त्याने मणी हळू थंड होतो एवढंच, आतला ताण जात नाही. साध्या गोल मण्याला कधी ते निभावून जातं. शिंगांच्या बैलाला नाही. तो दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यातच फुटेल.

मधेच लाईट गेली तर दार उघडू नका, विटा उष्णता धरून ठेवतात. वीज आल्यावर तापमान ४०० च्या खाली दिसलं तर ताशी १०० अंशांनी पुन्हा ५१० पर्यंत चढवून तासभराची गणती नव्याने सुरू करा.

ताण गेला का, हे दोन पोलराइज्ड काचांमध्ये मणी धरून पाहता येतं. ताण असेल तिथे लख्ख पांढरे पट्टे दिसतात. पण पांढरा बैल अपारदर्शक, त्यात काहीच दिसत नाही. म्हणून त्याच खेपेत पारदर्शक काचेचा, तेवढ्याच जाडीचा, पायांसारखे खुंट लावलेला एक मणी ठेवावा आणि तो तपासावा.

सळई सोडवताना मणी अर्धा तास पाण्यात ठेवा. सळई पकडीत धरून पोटाला फडक्याने पिळा. शिंगांना हात लावायचा नाही. भोकातला लेप पाण्याखालीच हिऱ्याच्या कानशीने काढा, त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ नये. पुरा बैल आठ-नऊ ग्रॅम भरतो. ओवायला पटवेकऱ्याकडे द्याल तेव्हा दोन बैलांमध्ये गाठ मारायला सांगा, नाहीतर एकाची शिंगं दुसऱ्याच्या शेपटीवर आपटतात.

शिकवताना

एका वेळी चार जण, दोन टॉर्च. याहून जास्त घेऊ नयेत, कारण एका शिक्षकाला दोनच ज्योतींवर नजर ठेवता येते. सुती कपडे, बंद चपला, केस बांधलेले, ओढणी किंवा पदर खोचलेला. नायलॉन चालणार नाही. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. सांगलीत पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फही नाही. भाजलेलं मोठं असेल तर दवाखाना.

पहिल्या दिवशी आगीआधी काकवी द्या. पेन्सिलीचं टोक काकवीत बुडवायचं आणि एकही थेंब न गळता दोन मिनिटं आडवी फिरवायची. वेग कमी पडला की थेंब खाली लोंबतो, वाढला की काकवी बाजूला जाते. वितळलेली काच नेमकी अशीच वागते, आणि ही समज हातात आली की टॉर्चपुढे अर्धी भीती जाते. त्यानंतर शाडूचा बैल करून घ्या, काचेच्याच क्रमाने: पोट, वशिंड, मान, पाय, शिंगं. क्रम तिथे पाठ व्हावा.

काचेत आधी दहा गोल मणी, मग एक खुंट लावलेला मणी, मग चार खुंटांचा. चार खुंटांचे सलग तीन मणी न तडकता भट्टीतून आले तरच बैल. एक जण काम करत असताना दुसऱ्याने शेजारी बसून दर आठ सेकंदांनी ‘फिरव’ म्हणायचं. शिकणाऱ्याच्या हातून सळई काढून घेऊन स्वतः दुरुस्त करणं हा शिक्षकाचा सर्वांत वाईट मोह आहे. मणी वाचतो, पण चूक कुठे झाली ते त्याच्या हाताला कळत नाही.

मणी दुसऱ्या दिवशीच मिळतो, हे प्रवेश घेतानाच सांगावं. सळईच्या मागच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा नंबर बांधा, नाहीतर सोळा पांढऱ्या बैलांत कोणाचा कोणता हे सकाळी ओळखत बसावं लागतं. फुटलेले मणी फेकू नका, नंबरासकट परत द्या आणि तडा वाचायला शिकवा. शिंगाच्या बुडाशी तुटलं तर जोड थंड होता. दोन रंगांच्या सीमेवर फाटलं तर काच जुळत नव्हती. सळईला आडवी, अंगठीसारखी भेग म्हणजे घडवताना एक बाजू आगीबाहेर राहिली.